घरच्या किचनचं काम बिघडलं तर? ठेकेदाराशी भांडायच्या आधी हे वाचा



फराळ, मसाले, लोणची, जेवणाचे डबे. घरातून धंदा सुरू करायचा म्हटलं की आपण परवाना, पॅकिंग, भाव यावर तासन् तास बोलतो. पण त्याआधी एक मोठा खर्च होतो आणि त्यावर कुणी बोलतच नाही. तो म्हणजे किचनचं काम. ओटा मोठा करायचा, फरशी बदलायची, एक जादा सिंक, दोन-तीन पॉइंट. "पंधरा दिवसांत होऊन जाईल" असं ठेकेदार सांगतो आणि तिथून आपली परीक्षा सुरू होते.

आमच्याच घरचं सांगतो. श्रीरामपूरला आमच्या वहिनींनी दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घ्यायचं ठरवलं. स्वयंपाकघर आणि मागची पडवी एक करून मोठं किचन करायचं. काम ठरलं १ लाख ८० हजारांना. दिवाळीला दीड महिना होता. ठेकेदार ओळखीतला, त्यामुळे लिहून काही घेतलं नाही. तो मागेल तसे पैसे देत गेलो. काम संपलं म्हणाला तेव्हा १ लाख ५० हजार देऊन झाले होते.

पहिल्याच दिवशी फरशी धुतली आणि पाणी नहाणी ट्रॅपकडे जायचं सोडून कोठीच्या दाराकडे निघालं. ढाळ उलटा! कोठीत बेसनाची पोती. दुसऱ्या दिवशी मसाल्याचं मशीन लावलं तर पॉइंटचं बटण गरम. वायरमनला बोलावून उघडून बघितलं, तर नवा पॉइंट जुन्या ट्यूबलाइटच्या वायरीतून ओढलेला. भिंतीच्या चार टाइल्स पोकळ. आणि ओटा इतका उंच की वहिनींना पाटावर उभं राहून चकल्या तळाव्या लागणार.

अशा वेळी पहिला विचार काय येतो? फोन करायचा आणि झाडायचं. आम्हीही तेच केलं. चार दिवस नुसते फोन. पाचव्या दिवसापासून त्याने फोन उचलणंच बंद केलं.

आता यात आमचं काय चुकलं आणि काय करायला हवं होतं, ते बघू.

सगळ्यात आधी चुकांची वाटणी करा. सगळ्या चुका एकाच दमात सांगितल्या की समोरच्याला वाटतं, याला पैसे बुडवायचेत. त्यातली कुठली चूक फोडूनच दुरुस्त करायची, कुठल्या चुकीचे पैसे कापायचे आणि कुठलीकडे दुर्लक्ष करायचं हे आधी तुम्ही घरात बसून ठरवा. माझा नियम साधा आहे. वीज आणि पाणी यात तडजोड नाही. रंग, टाइलची रेघ, कपाटाच्या दाराची फट, यात तडजोड करायला हरकत नाही, पैसे कापून घ्या.

वीज का म्हणतो ते बघा. १ एचपीची मोटर म्हणजे ७४६ वॉट. २ एचपीचं मशीन चालू असताना साधारण ९-१० अँपिअर ओढतं, सुरू होताना त्याच्या कितीतरी पट. त्याच वायरीवर २,००० वॉटचा ओव्हन लावला तर आणखी पावणेनऊ अँपिअर. दिव्यांसाठी टाकलेली बारीक वायर हे सोसत नाही. मग एमसीबी पडतो. सारखा पडतो म्हणून कुणीतरी मिस्त्री येतो आणि जास्त अँपिअरचा एमसीबी बसवून देतो, आणि आपण खूश होतो की आता पडत नाही. अहो, एमसीबी वायरीला वाचवायला असतो! मोठा एमसीबी बसवला म्हणजे वायर भिंतीच्या आत जळेपर्यंत तो गप्प बसणार. मशीनसाठी बोर्डापासून स्वतंत्र जाड वायर, स्वतंत्र एमसीबी, १६ अँपिअरचा पॉइंट आणि नीट अर्थिंग. हे परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. इथे "चालतंय की" म्हणणाऱ्या माणसाचं ऐकू नका, मग तो सख्खा मेहुणा का असेना.

पाण्याचंही तसंच. उलटा ढाळ ही दिसायला छोटी गोष्ट आहे, पण रोज पाणी साचणार, कोपऱ्यात ओल येणार, झुरळं येणार. आणि तुम्ही खाण्याचा धंदा करताय. अन्न सुरक्षा खात्याचे परवाना आणि नोंदणीचे २०११ चे नियम आहेत, त्याच्या परिशिष्ट ४ मध्ये छोट्या, नोंदणीवाल्या धंद्यांनाही जागेच्या अटी आहेत. जमीन, भिंती, छत धडधाकट, गुळगुळीत आणि सहज साफ होणारे हवेत, रंगाचे पोपडे नकोत, उजेड आणि हवा पुरेशी हवी. म्हणजे घरात राहायला जे चाललं असतं ते धंद्याच्या किचनला चालत नाही. ठेकेदाराला काम देतानाच हे सांगा की इथे रोज बादल्या ओतून धुणं होणार आहे. आम्ही सांगितलं नव्हतं. त्याच्या डोक्यात चार माणसांच्या घराचं किचन होतं.

इथे एक कबुली देतो. ओट्याची उंची ही ठेकेदाराची चूक नव्हती. त्याने नेहमीच्या मापाने ओटा घातला, त्यावर जाड ग्रॅनाईट आलं, आणि वहिनींची उंची पाच फूट. कुणी मोजलंच नाही. साधा हिशेब असा की, जी व्यक्ती तिथे उभी राहून काम करणार आहे तिच्या कोपरापासून चार ते सहा इंच खाली ओटा यायला हवा. मोठ्या कढईत तळायचं असेल तर शेगडीची उंची त्यात धरा आणि तेवढा ओटा आणखी खाली घ्या. हे आपण सांगायचं असतं. मी वहिनींना म्हटलं, ही आपली चूक, याचे पैसे आपण सोसायचे. शेवटी तळणासाठी लोखंडी स्टँडवर खाली वेगळी शेगडी बसवली आणि ओटा पॅकिंगला ठेवला. गंमत म्हणजे हे मान्य केल्यावरच ठेकेदार बोलायला तयार झाला. "ओट्याचं आमचं चुकलं, ढाळ आणि वायरिंग तुझं" असं म्हटल्यावर माणूस नाही म्हणू शकत नाही.

आता हिशेबाकडे येऊ, कारण आपण धंदा शिकतोय. समजा तुमचा रोजचा माल ४० किलो आणि किलोमागे ६० रुपये सुटतात. म्हणजे किचन बंद असलेला प्रत्येक दिवस २,४०० रुपयांचा. फरशी फोडून परत घालायला सगळं मिळून १४ हजार, वायरिंगला ६ हजार, एकूण २० हजार. हे २० हजार कुणी द्यायचे यावर तुम्ही १२ दिवस भांडलात तर २८,८०० रुपये गेले. भांडण जिंकूनही तुम्ही तोट्यात! त्यात कर्जाचा हप्ता चालू असेल तर तो वेगळा. राहत्या घराच्या कामात माणूस महिनाभर रुसून बसू शकतो. धंद्याच्या किचनला ते परवडत नाही. म्हणून दुरुस्तीची किंमत आणि उशिराची किंमत, दोन्ही कागदावर लिहा आणि मगच ठरवा किती ताणायचं.

आमचं शेवटी असं मिटलं. फरशीची मजुरी त्याची, टाइल आणि सिमेंट आमचं. वायरिंग दुसऱ्याकडून करून घेतलं आणि ते ६ हजार त्याच्या राहिलेल्या ३० हजारांतून वळते केले. टाइल आम्ही का आणली? न्यायाने बघितलं तर तीही त्यानेच आणायला हवी होती. पण तो टाइल आणायला आणखी चार दिवस लावणार हे दिसत होतं. पहिल्या आठवड्याच्या ऑर्डरी वहिनींना नाकाराव्या लागल्या, त्यातली दोन गिऱ्हाइकं परत आलीच नाहीत. हा तोटा कुठल्याच हिशेबात भरून निघाला नाही.

बोलायचं कसं, तेही सांगतो. फोनवर तोंडी नाही. आधी फोटो आणि छोटा व्हिडिओ. फरशीवर दोन बादल्या पाणी ओतून ते कुठे जातं ते शूट करा, नाणं घेऊन टाइल ठोका, पोकळ टाइलचा बद्द आवाज व्हिडिओतही ऐकू येतो. मग व्हॉट्सॲपवर असा मेसेज टाका:

"भाऊ, नमस्कार. किचनच्या फरशीचं पाणी नहाणीकडे न जाता कोठीकडे जातंय, व्हिडिओ पाठवला आहे. उद्या किंवा परवा येऊन बघा. शनिवारपर्यंत काम सुरू करायचं ठरवू. तुम्हाला जमणार नसेल तर तसं कळवा, म्हणजे मी दुसऱ्याकडून करून घेतो आणि तो खर्च तुमच्या बाकीतून वळता करतो."

यात शिवी नाही, धमकी नाही. चूक आहे, पुरावा आहे, तारीख आहे, आणि तारीख चुकली तर काय होणार तेही आहे. मुख्य म्हणजे त्याला स्वतः दुरुस्त करायची संधी दिली, हे नोंदवलं गेलं. ती संधी न देता तुम्ही लगेच दुसऱ्याकडून फोडून घेतलं तर उद्या तो म्हणणार, माझं काम चांगलं होतं, यांनीच तोडलं. पुरावाही गेला. रक्कम मोठी असेल तर फोडण्याआधी एखाद्या सिव्हिल इंजिनिअरकडून लेखी अहवाल घ्या.

आणि समोरचा दादच देत नसेल तर? ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ तुमच्या बाजूने आहे. आधी लेखी नोटीस, मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार, तरी नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही जिथे राहता किंवा काम करता तिथल्या आयोगाकडे जाता येतं, म्हणजे श्रीरामपूरकरांना अहिल्यानगर. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही, ऑनलाइन दाखल करता येते. मुदत दोन वर्षांची.

इथे आपल्या लोकांना एक भीती असते आणि समोरचा वकील नेमकं तेच बोलतो, की "हे किचन धंद्यासाठी आहे, म्हणजे व्यावसायिक कारण, तुम्ही ग्राहकच नाही." त्याच कायद्यात खुलासा आहे. स्वयंरोजगारातून फक्त पोट भरण्यासाठी वस्तू विकत घेऊन स्वतः वापरली असेल तर ते व्यावसायिक कारण धरत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या निकालात म्हटलंय की, माणूस स्वतः काम करत असेल आणि मदतीला एक-दोघं घेतली, तरी त्याचा ग्राहकपणा जात नाही. दहा कामगारांचा कारखाना टाकला तर गोष्ट वेगळी.

पण खरं सांगू? २०-२५ हजारांसाठी आयोगाची पायरी चढण्यात वेळ जातो. तुमच्या हातातलं खरं हत्यार म्हणजे न दिलेले पैसे. आमच्याकडे ३० हजार उरले होते म्हणून तो परत आला. ५ हजार उरले असते तर आला असता का, मला शंका आहे.

म्हणून पैसे टप्प्याने. सुरुवातीला मालापुरता अ‍ॅडव्हान्स. दुसरा हप्ता पाइप आणि वायरी टाकून झाल्यावर, पण भिंत बुजवायच्या आधी. पाइपात पाणी भरून गळती बघा, वायरींचे फोटो टेप लावून काढा, म्हणजे पुढे खिळा ठोकताना वायर कुठून गेली ते कळेल. तिसरा फरशी-टाइल्सनंतर, बादलीची चाचणी झाल्यावर. कपाटांचं काम असेल तर सनमायका चिकटवायच्या आधी प्लायवर आयएसआयचा छाप आणि मरीन प्लायचा ७१० हा आकडा बघून घ्या, नंतर आत काय आहे ते कुणालाच दिसत नाही. आणि शेवटचे दहा टक्के, किचन पंधरा दिवस प्रत्यक्ष वापरल्यावर. ही अट काम ठरतानाच वहीच्या एका पानावर लिहून दोघांनी सही करायची. स्टॅम्प पेपर नसला तरी चालेल, पण कोरं तोंडी नको.

ठेकेदाराचीही बाजू ध्यानात ठेवा. बाजाराच्या दिवशी त्याला गवंड्यांची, मजुरांची मजुरी द्यावीच लागते, तिथे आपण हप्ता अडवला तर तो दुसऱ्या साइटवर माणसं हलवतो. टप्पा पूर्ण झाला की त्याच संध्याकाळी पैसे द्या. वहिनींनी यंदा पडवीवर पत्रा टाकून घेतला तो याच ठेकेदाराकडून. यावेळी वहीत लिहून, आणि शेवटचे दहा टक्के पहिल्या मोठ्या पावसानंतर.