आजोबांची काळी एक, नातीची काळी चार

वापरलेला तंबोरा विकणारा एक वाक्य हमखास बोलतो: “कोणत्याही पट्टीत लावा, बोलतोच.” घेणाऱ्याबरोबर आलेले जाणकार काका मान डोलावतात, “हो, तारा बदलल्या की झालं.” पवारांच्या राज्यांपासून देवास-धारकडे स्थिरावलेल्या मराठी घरांत गाण्याची ओढ जुनी आहे. आजोबांचा तंबोरा नातीसाठी काढणं, ओळखीतून जुना मिळवणं, हे तिकडे नवं नाही. म्हणूनच हे वाक्य ऐकलं की डोकं फिरतं, कारण नात गाते काळी चारमध्ये आणि तंबोरा घडवलेला असतो काळी एकसाठी.

जरा हिशेब करू. काळी एक ते काळी चार म्हणजे षड्जापासून पंचमापर्यंतचं अंतर. कंपनसंख्या दीडपट करायची. तीच तार, तीच लांबी ठेवली तर ताण सव्वादोनपट करावा लागतो. तोही चार तारांचा, आणि सोसायचा कुणी? तुनीच्या लाकडाच्या दांडीने आणि घोडीखालच्या तबलीने. दांडीला बाक येतो, तबली दबते.

“मग बारीक तारा घाला!” घाला. ताण पूर्वीइतकाच ठेवायचा तर तारेची जाडी दोन तृतीयांशावर आणावी लागेल. तिचं वजन निम्म्याहून खाली जातं आणि एवढ्या हलक्या तारेला पुरुषी तंबोऱ्याचा तो मोठा भोपळा पुरेसा हलवता येत नाही. आवाज येतो, पण पातळ. बायकांचे तंबोरे आखूड आणि लहान भोपळ्याचे असतात ते नाजूक दिसावेत म्हणून नव्हे. पट्टी चढी असेल तर तार आखूड हवी, एवढं साधं आहे ते.

आणि जवारीचं, म्हणजे तंबोऱ्याच्या त्या झंकाराचं काय? चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये भारतीय तंतुवाद्यांवर लिहिलेल्या निबंधात एक चमत्कारिक गोष्ट नोंदवली. साध्या तारेला जिथे छेडाल, तिथे ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू असेल तो उपस्वर गप्प बसतो. तंबोऱ्यात तोही ऐकू येतो. रुंद, किंचित उतरत्या घोडीवर तार घासत राहते आणि उपस्वर पुन्हा पुन्हा जागे होतात. खर्जातून गंधार उमटतो तो यामुळेच. पण घोडीचा तो उतार कारागीर विशिष्ट जाडीच्या, विशिष्ट ताणाच्या तारेसाठी घासतो. दोन्ही बदललं की जवारी बंद होते, नाहीतर नुसती खरखरते. मग तार आणि घोडी यांमधलं सूत मागेपुढे सरकवत बसा.

कुमार गंधर्वांचा दाखला इथे हटकून येतो. ते १९४८ मध्ये आजारपणामुळे देवासला आले आणि १९९२ मध्ये जाईपर्यंत तिथेच राहिले. तंबोरे जुळवण्यातला त्यांचा काटेकोरपणा सगळ्यांना ठाऊक आहे. अहो, पण ते आपल्या गळ्याच्या पट्टीतले तंबोरे जुळवत होते! त्यांच्या कानाचं श्रेय भलत्याच भोपळ्याला कशाला?

तेव्हा घेण्याआधी तंबोरा स्वतःच्या पट्टीत लावून मागा, विकणाऱ्याच्या नव्हे. मग दोन अर्धस्वर वर चढवा. ताण साधारण सव्वापट होतो, तेवढं चांगल्या तंबोऱ्याने सोसायला हवं. मग मूळ पट्टीच्या दोन अर्धस्वर खाली उतरवा. दर वेळी चारही तारा एकदम छेडून भुलू नका. एकेक तार छेडा, नाद विरेपर्यंत ऐका, सूत थोडं हलवून पाहा. मधल्या तारांची जोडी बोलते आणि खर्ज मुका, असं पुष्कळदा निघतं. पट्टी चढवलेली असतानाच दांडीच्या टोकाकडून एक डोळा मिटून बाक बघा, तबली घोडीखाली खोलगट झाली आहे का ते बोटांनी चाचपा. भोपळा आणि दांडी जिथे जुळतात तो सांधा उघडला असेल तर पुढचं ऐकायचीही गरज नाही.

“जवारी गेली म्हणजे तंबोरा गेला” हा उलटा गैरसमज. घोडीवर तारांनी पाडलेल्या खाचा घासून काढता येतात, घोडी फार झिजली तर नवी बसवता येते. कर्कश वाजणारा पण सरळ दांडीचा तंबोरा घ्या, गोड वाजणारा वाकडा सोडा.

बाकीचे झटपट. खुंटी सरकते? बहुतेकदा खडूने भागतं. भोपळ्याला तडा? नीट सांधलेला असेल तर चालतो, मात्र ताज्या पॉलिशखाली काय दडलंय ते विजेरी लावून पाहा. जुना म्हणजे गोड? जुन्यात कीडही असते, भुगा पडतो का बघा. “अस्सल मिरजेचा आहे”? मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याने माळ्यावरच्या तंबोऱ्याची दांडी सरळ होत नाही. आणि “हस्तिदंताचं काम आहे, म्हणून किंमत जास्त” असं कुणी म्हणालं तर तिथूनच परत फिरा. वन्यजीव संरक्षण कायद्यात १९८६ आणि १९९१ मध्ये दुरुस्त्या झाल्या, तेव्हापासून देशात हस्तिदंताचा व्यापारच बेकायदा आहे.