घणाच्या जागी दाब

ऊसतोडीच्या व्यवहारात ‘एक कोयता’ म्हणजे एक अवजार नव्हे, नवरा-बायकोची जोडी. मुकादम उचल देतो तीही कोयत्यामागे. हा कोयता ज्या भट्टीवर घडतो, तिथेही हिशेब जोडीचाच असतो. लोहार एका हातात सांडशी आणि दुसऱ्या हातात हातोडा घेऊन बसतो. समोर घण घेऊन उभी असते ती पुष्कळदा त्याची बायको. रस्त्याकडेच्या घिसाड्यांच्या भट्ट्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे दृश्य नवे नाही. मात्र त्या घणाखालून वर्षानुवर्षे काय जाते, हे आपण पाहत नाही.

माझ्या परिचयातल्या अशाच एका भट्टीवर चार वर्षांपूर्वी वहिनींचा उजवा खांदा कामातून गेला. डॉक्टरांनी घण उचलायचा नाही म्हणून सांगितले. ऊसतोडीचा हंगाम तोंडावर होता आणि कोयते, सुऱ्या, विळे यांची मागणी याच दिवसांत असते. दादा मला म्हणाले, “तुम्ही एवढं वाचता, यंत्राचं काही बघा की.” मी शिकलो वाणिज्य शाखेत. लोहारकामाचा नाद वयाच्या चाळिशीनंतर लागला. जे कळले ते पुस्तकांतून आणि भट्टीशेजारी बसून. त्या एका विनंतीपायी मी हायड्रॉलिक प्रेसच्या मागे लागलो. प्रेस निवडताना काय पाहावे आणि मी काय पाहिले नाही, ते इथे मांडतो.

ठोका आणि दाब

घणाचा ठोका क्षणात संपतो. घण हलका असेल तर त्याचा जोर लोखंडाच्या वरच्या थरातच खर्ची पडतो. जाड पट्टी अशी ठोकत गेले, की तिच्या कडा वरखाली पसरतात आणि मधला भाग आत राहतो. प्रेस ठोकत नाही, दाबतो. त्याचा दाब गाभ्यापर्यंत पोचतो, म्हणून प्रेसखाली गेलेल्या पट्टीची कड मध्यावर बाहेर फुगते. तापलेला तुकडा हातात धरून दोन्ही कडा शेजारी शेजारी पाहिल्या, की हा फरक सांगावा लागत नाही.

या यंत्रामागचे तत्त्व पास्कालचे. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोचतो, हे सांगणारा त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६६३ मध्ये छापला गेला. त्यावर आधारलेल्या प्रेसचे पेटंट इंग्लंडमध्ये जोसेफ ब्रामाने १७९५ मध्ये घेतले. लोखंडाच्या घडाईत मात्र आधी गाजला तो जेम्स नॅस्मिथचा वाफेचा घण. त्याचे पेटंट १८४२ चे. पुढे तोफा आणि जहाजांचे दांडे जाड होत गेले, ठोक्याचा जोर गाभ्यापर्यंत पुरेना, तेव्हा मोठ्या घडाईसाठी प्रेस पुढे आला. सुरीच्या कामात तो आला तो अमेरिकेत. १९७३ मध्ये बिल मोरन यांनी पोलादाचे थर जोडून घडवलेल्या सुऱ्या प्रदर्शनात मांडल्या आणि हौशी कारागिरांची एक पिढी त्या वाटेला लागली. थर जोडायला सावकाश, खोल दाब हवा. असा प्रेस घरी कसा बांधावा यावर जेम्स बॅटसन यांनी पुस्तिकाच लिहिली.

माझी चूक

मी पहिल्यांदा पाहिला तो टनांचा आकडा. एका गॅरेजमधून ३० टनांचा हातपंपाचा जुना प्रेस अठरा हजारांत आणला. बेअरिंग काढण्या-बसवण्यासाठी असतो तो. पैसे निम्मे माझे, निम्मे दादांचे. आकड्याने आम्ही खूश होतो.

ट्रकच्या पाट्याचा तुकडा लालपिवळा तापवून त्याखाली धरला. दांडा एकदा खालीवर केला की दट्ट्या जेमतेम मिलिमीटरभर सरके. पाचसात उपशांत पट्टीचा रंग उतरला, दहाव्याला ती काळवंडली. जोर होता, पण तो पोचेपर्यंत लोखंड थांबत नव्हते. वहिनी भात्याशी बसल्या होत्या. म्हणाल्या, “हे तर घणापेक्षाही सुस्त आहे.” तो प्रेस परत विकला तेव्हा बारा हजार आले. सहा हजारांत मी जे शिकलो ते एका वाक्यात असे : प्रेस विकत घेताना टनांच्या आधी वेळ मोजावी.

वेळेचा हिशेब

१२ मिलिमीटर जाडीची पट्टी १०५० अंश सेल्सिअसला भट्टीबाहेर काढली, की मोकळ्या हवेत साधारण मिनिटभरात ती दोनशे अंशांनी उतरते. पट्टी निम्म्या जाडीची असेल तर वेळही निम्माच. आणि गार डायमध्ये दाबून धरली तर सेकंदांचीच बाब, कारण डाय उष्णता ओढून घेते. घण लोखंडाला क्षणभरच शिवतो, म्हणून त्याला ही अडचण नाही. प्रेसने पटकन खाली यावे, दाबावे आणि लगेच सुटावे.

आता टन. जोर म्हणजे तेलाचा दाब गुणिले दट्ट्याचे क्षेत्रफळ. १२५ मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरचे क्षेत्रफळ सुमारे १२३ चौरस सेंटिमीटर. तेलाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला २०० किलो धरला तर जोर सुमारे साडेचोवीस टन. पण ५ अश्वशक्तीची मोटर या दाबाला मिनिटाला दहा-अकरा लिटरच तेल ढकलू शकते. म्हणजे दट्ट्या सेकंदाला सव्वा ते दीड सेंटिमीटर सरकणार. दहा सेंटिमीटर खाली यायलाच सात सेकंद.

यावरचा तोडगा म्हणजे दोन टप्प्यांचा पंप. त्यात दोन पंप एकत्र असतात. दट्ट्या मोकळा खाली येत असताना दोन्ही मिळून भरपूर तेल देतात. मिनिटाला ४० लिटर मिळाले तर वेग सेकंदाला पाच सेंटिमीटरच्या पुढे जातो. लोखंडाला टेकून दाब वाढला, की मोठा पंप आपोआप मोकळा होतो आणि छोटा एकटा पूर्ण दाब देतो. मोटर तीच, वीज तीच. गावात एवढ्या मोटरीला थ्री-फेज जोडणी लागते, हे मात्र आधीच पाहून घ्यावे.

किती टन पुरतील, हे डायच्या रुंदीवर ठरते. ११०० अंशांच्या आसपास पोलाद दाबायला दर चौरस मिलिमीटरला ८ ते १० किलो जोर लागतो. पट्टी ५० मिलिमीटर रुंद आणि डाय ४० मिलिमीटर, तर क्षेत्रफळ २००० चौरस मिलिमीटर. म्हणजे वीस टन. आपला साडेचोवीस टनी प्रेस तिथे पुरतो. डाय ७५ मिलिमीटरची केली की साडेसदतीस टन हवेत, आणि तोच प्रेस अडून बसतो. लोखंड साडेआठशे अंशांवर उतरले की लागणारा जोर जवळजवळ दुप्पट होतो. म्हणून लहान प्रेसवाल्याने डाय अरुंद ठेवावी आणि पट्टी पुन्हा तापवण्याचा कंटाळा करू नये.

सांगाडा आणि तेल

इंग्रजी सी अक्षरासारखा, एका बाजूने उघडा सांगाडा कामाला सोयीचा. तीन बाजूंनी पट्टी आत घालता येते. पण जोर आला की त्याचा जबडा उघडू पाहतो, म्हणून लोखंड जाड आणि वेल्डिंग पक्के लागते. चारही बाजूंनी बांधलेली चौकट कमी लोखंडात जास्त ताठ राहते. आम्ही चौकट घेतली. जुना सिलिंडर भंगारातून आणला, तरी त्याच्या दांड्यावर ओरखडे नाहीत ना ते पाहिले आणि सील नवी बसवली. ठरावीक दाबाला तेल परत टाकीत सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह टाळायचा नाही. तो नसेल तर वाढलेला दाब सर्वांत कच्च्या जागेतून बाहेर पडतो.

तेलाची भीती बाळगलीच पाहिजे. होज पाइपला सुईएवढे भोक पडले तर या दाबाचे तेल कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणी टोचल्यासारखी दिसते, पण ती तातडीने शस्त्रक्रियेची बाब असते. गळती बोटाने चाचपू नये. यंत्र बंद करावे, दाब उतरवावा, मग पुठ्ठा फिरवून पाहावे. तेच तेल तापल्या लोखंडावर उडाले तर पेटते. पंप आणि टाकी भट्टीपासून दूर, मध्ये पत्र्याचा आडोसा, पाइपांवर जाड आवरण, एवढे हवेच.

दांडा कुणाच्या हाती

परदेशी पुस्तकांत कारागीर एकटा असतो, म्हणून तिथे प्रेस पायाच्या पेडलने चालतो. मीही तसेच काढून दिले होते. चौकट उभी राहिल्यावर वहिनींनी विचारले, “मग मी कुठं उभी राहू?” त्यांच्याशिवाय आम्ही दोघांनी तीन महिने आखणी केली होती.

घणाच्या कामाला एक भाषा असते. लोहार छोट्या हातोड्याने जिथे टिचकी मारतो तिथे घण पडायचा; हातोडा ऐरणीवर वाजला की थांबायचे. लोखंडाचा रंग दोघेही वाचतात. ती समज खांद्याबरोबर गेलेली नव्हती. आम्ही पेडल काढले, वहिनींच्या डाव्या हाताला कमरेच्या उंचीवर दांडा बसवला. सोडला की स्प्रिंगने मधोमध येतो आणि दट्ट्या जागीच थांबतो. दादांचे दोन्ही हात सांडशीवर, खूण तोंडाने. ती खूण मिळाल्याशिवाय दांड्याला हात नाही, हा नियम वहिनींनीच घातला. हव्या त्या जाडीचे अटकाव-ठोकळे डायशेजारी ठेवायची कल्पनाही त्यांचीच. पट्टी ठोकळ्याच्या खाली जाऊ शकत नाही, त्यामुळे सगळे कोयते एका जाडीचे निघतात.

घण पुरता सुटलेला नाही. पाते धारेकडे पातळ होऊ लागले की डाय त्याची उष्णता लगेच खेचते. तिथून पुढचे काम दादांच्या हातोड्याचे. पाणी देणेही पूर्वीसारखेच, डोळ्यांच्या अंदाजाने. जाड पाटा पसरवण्याचे सर्वांत जड काम मात्र आता तेल करते. गेल्या खंडेनवमीला घण आणि प्रेस शेजारी शेजारी मांडले होते. हळदीकुंकू वहिनींनी डाव्या हाताने वाहिले. उजवा अजून खांद्याच्या वर जात नाही. प्रेस चार वर्षे आधी आला असता तर, हा विचार त्या दिवशी माझ्या मनातून गेला नाही.

आता आसपासचे दोन-तीन लोहार विचारायला येतात : किती टनांचा घेऊ? मी आधी त्यांना विचारतो, तुमच्या भट्टीवर दुसरे माणूस कोण आहे? त्यांनाही घेऊन या, मग बोलू.