फ्लशच्या टाकीची गळती : घरच्या घरी दुरुस्ती

स्मरणिकेसाठी लेख द्या, असे सांगण्यात आले तेव्हा माझ्याकडून एखाद्या भारदस्त विषयाची अपेक्षा असावी. मी कला शाखेचा पदवीधर, नोकरी बँकेत. परंतु गेल्या काही वर्षांत माझ्या घराला ज्या वस्तूने सर्वांत जास्त त्रास दिला ती वस्तू म्हणजे रबराचे एक वॉशर. आकाराने २०११ साली चलनातून गेलेल्या स्टीलच्या पावलीएवढे. तेव्हा त्यावरच लिहितो.

२०२२ च्या पावसाळ्यात आमच्या संडासातील फ्लशच्या टाकीखाली थेंब थेंब पाणी पडू लागले. प्लंबरला बोलावू, असे रोज म्हणत आम्ही खाली एक छोटी बादली ठेवली. सकाळ-संध्याकाळ ती ओतायची, की झाले. असे तीन महिने गेले. एका संध्याकाळी ओतायचे राहून गेले, बादली भरून वाहिली आणि रात्री उठलेली आई त्या ओल्या फरशीवर घसरली. तिचे वय तेव्हा ७४ होते. मनगट मोडले, सहा आठवडे प्लास्टर होते. दिवसअखेर रोकड एका रुपयाने चुकली तर आम्ही बँकेतून हलत नाही. आणि घरात मात्र मी तीन महिने ही चूक तशीच पुढे ओढत होतो.

नंतर मी गळणाऱ्या जागेखाली एक लिटरची बाटली धरून मोजले. दोन तासांत ती भरली. म्हणजे दिवसाला १२ लिटर, तीन महिन्यांत हजार लिटरच्या वर. शहराची पाणीयोजना आखताना माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात. त्या हिशेबाने आठ माणसांचे एका दिवसाचे पाणी आम्ही मोरीत सोडले.

दुरुस्तीकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट. संडासाच्या वस्तूला हात लावायचा म्हणजे कमीपणा, असे शिकलेल्या माणसाला वाटते. तो कमीपणा कोणी कोणाच्या माथी मारला, हे या स्मरणिकेच्या वाचकांना मी सांगायला नको. पण वस्तुस्थिती अशी, की टाकीत येणारे पाणी घरातल्या दुसऱ्या कोणत्याही नळाचेच असते. ते घाण होते भांड्यात पडल्यावर. आपल्याला काम करायचे आहे ते टाकीच्या आधी.

भिंतीतून पाइप येतो तिथे एक काटकोनी नळ असतो, त्याला अँगल कॉक म्हणतात. त्यापासून टाकीपर्यंत दीड-दोन फुटांचा लवचिक कनेक्शन पाइप जातो. त्याच्या दोन्ही टोकांना अर्धा इंची नट आणि नटाच्या आत वॉशर. टाकीत शिरल्यावर पाणी बॉल कॉकमधून पडते आणि फुगा वर आला की बंद होते. एवढाच संसार आहे. यातली नेमकी कोणती जागा गळते हे ओळखणे हेच खरे काम, आणि बहुतेक जण चुकतात ते इथेच. पाणी वरून झिरपते, पाइपवरून ओघळत खाली येते आणि खालच्या नटावरून थेंब पडतो. आपण खालचा नट आवळत बसतो. मीही तेच केले होते.

म्हणून आधी सगळे कोरड्या फडक्याने पुसून घ्यावे. मग वर्तमानपत्राच्या कागदाच्या पट्ट्या प्रत्येक जोडावर क्रमाने लावून बघाव्यात, सुरुवात वरून करावी. जी पट्टी आधी भिजेल ती जागा दोषी. पाइपच मधे चिरलेला असेल किंवा स्टीलच्या जाळीवर गंजाचे ठिपके दिसत असतील, तर फार विचार न करता पाइपच बदलावा. अँगल कॉकच्या मुठीखालून पाणी येत असेल तर तिथला नट किंचित आवळून पाहावा, अनेकदा तेवढ्यावर भागते. आमच्याकडे भिजली ती टाकीखालच्या नटाची पट्टी.

आता अँगल कॉक घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवून बंद करावा आणि फ्लश ओढून टाकी रिकामी करावी. टाकी पुन्हा भरू लागली तर कॉक धरत नाही असे समजावे. अशा वेळी गच्चीवरून त्या लाइनला येणारा व्हॉल्व्ह बंद करावा लागतो. पण त्याच लाइनवर शेजाऱ्यांचेही नळ असतात, तेव्हा आधी सांगून ठेवावे. अंगाला साबण लावून बसलेल्या माणसाची बोलणी मी एकदा खाल्ली आहेत.

पाइपमध्ये राहिलेल्या पाण्यासाठी खाली बादली ठेवून नट सोडवायला घ्यावा. इथे दिशेचा घोळ होतो. खालून वर बघत असाल तर टाकीचा नट काट्यांच्या उलट दिशेने सुटतो. उभे राहून वरून बघितले तर तीच दिशा उलटी दिसते. अँगल कॉकचे तोंड वर असेल तर त्याचा नट नेमका वरून बघूनच काट्यांच्या उलट सुटतो. म्हणजे एकाच जागेवर उभे राहिले तर दोन नट दोन दिशांनी फिरवायचे. जोर लावण्याआधी हे मनाशी पक्के करावे. टाकीचा नट सोडवताना दुसऱ्या हाताने टाकीच्या आत बॉल कॉकचा बुडखा धरून ठेवावा. नाहीतर तोही नटाबरोबर फिरतो, फुगा टाकीच्या भिंतीला अडकतो आणि पाणी बंदच होत नाही.

नट सुटला की जुने वॉशर काढून बघा. आमचे दगडासारखे कडक झाले होते आणि एका बाजूने चिरले होते. ते खिशात घालून हार्डवेअरच्या दुकानात जावे, तोंडी माप सांगू नये. किंमत एका कटिंग चहाएवढीही नसते. जिथे वॉशर बसते ती कड फडक्याने स्वच्छ पुसावी, रबराचे तुकडे वा क्षारांचा थर राहू देऊ नये. नवे वॉशर सपाट बसवून नट आधी फक्त बोटांनी फिरवावा. दोन-तीन आटे सहज गेले पाहिजेत. अडले तर आटे वाकडे लागले असे समजून सोडवून पुन्हा लावावा. हाताने घट्ट झाला की पान्याने जेमतेम पाव फेरा. नट प्लास्टिकचा असेल तर हाताचाच जोर पुरे. मी पहिल्यांदा पान्याने तो इतका आवळला, की रात्री दहाला तो मधोमध फुटला. तो प्रसंग आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांना अजून तोंडपाठ आहे.

टेफ्लॉन टेपबद्दल मोठा गैरसमज आहे. वॉशर असलेल्या जोडावर टेप गुंडाळून काही उपयोग नाही, तिथे पाणी अडवते ते वॉशर. टेप लागते ती अँगल कॉक भिंतीत बसतो तिथल्या आट्यांवर, आणि तीही आट्यांकडे समोरून बघत काट्यांच्या दिशेने, म्हणजे कॉक बसवताना ती उलगडत नाही. पातळ टेपचे आठ-दहा वेढे घ्यावेत. मात्र भिंतीतला पाइप जुना लोखंडी असेल तर तिथे स्वतः हात घालू नये. गंजलेला आटा आत तुटला तर भिंत फोडावी लागते. तेव्हा प्लंबरच बोलवावा. गळत्या जोडावर बाहेरून एम-सील थापणे हा आपल्याकडचा लाडका उपाय. मीही थापले होते. ओल्या जागी ते धरत नाही, आणि पुढे नट सोडवायची वेळ आली की छिन्नीने खरवडावे लागते.

सगळे जोडून झाल्यावर अँगल कॉक हळूहळू उघडावा आणि कोरड्या पट्ट्या पुन्हा लावाव्यात. गच्चीवरच्या टाकीपासून दर १० मीटर खाली सुमारे एक किलोचा दाब वाढतो, म्हणून खालच्या मजल्यांवर जोडाची परीक्षा जास्त कडक होते. तासाभराने एकदा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एकदा पट्टी बघावी.

माझे हे सगळे काम पाऊण तासात झाले. त्यातली वीस मिनिटे पाना शोधण्यात गेली. येताना दोन जादा वॉशर आणली होती, ती आईने स्वयंपाकघरात मोहरीच्या डब्याशेजारी एका डबीत ठेवली आहेत. पहाटे उठली की अजूनही ती आधी टाकीखालच्या फरशीवरून हात फिरवते.