गुडघ्याचा संधिवात आणि मांडीचे बळ

उतारवयातल्या सांधेदुखीमागचे सर्वांत मोठे कारण म्हणजे ऑस्टिओआर्थ्रायटिस, अर्थात झिजेचा संधिवात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगभरात सुमारे ५२ कोटी ८० लाख लोकांना तो होता. त्यांतले ७३ टक्के पंचावन्नच्या पुढचे, आणि ६० टक्के स्त्रिया. खुबा, मणके, अंगठ्याचे मूळ, बोटांची पेरे अशा अनेक ठिकाणी तो होतो. पण सर्वाधिक आढळतो गुडघ्यात.

सांध्यात हाडांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. पाऊल टेकले की ती दाबली जाते, उचलले की सुटते आणि स्पंजासारखी सांध्यातला द्रव शोषून घेते. तिचे पोषण असे चालते. गुडघा हलवलाच नाही तर हे पोषण मंदावते आणि मांडीचे स्नायूही रोडावतात. त्यामुळे सगळा भार सांध्यावर येतो, दुखणे वाढते आणि चालणे आणखी कमी होते. दुखतो म्हणून गुडघ्याला महिनोन्‌महिने आराम देणे घातक ठरते ते यामुळे.

‘वंगण संपले’, ‘गॅप गेली’ असे घरोघरी ऐकू येते. प्रत्यक्षात आजार संपूर्ण सांध्याचा असतो. कूर्चा पातळ होते, तिच्याखालचे हाड जाड होते, कडांना हाडाची टोके फुटतात, आतल्या अस्तराला सूज येते. कूर्चेत मज्जातंतू नसल्याने दुखते ते हाड, अस्तर आणि आजूबाजूचे स्नायुबंध. म्हणूनच एक्स-रे आणि वेदना यांचा मेळ बसेलच असे नाही. बरेच झिजलेले गुडघे घेऊन माणसे जिने चढतात, तर किरकोळ झीज असलेला कोणी रात्रभर तळमळतो. नुसता फोटो पाहून ऑपरेशन ठरवणे म्हणूनच योग्य नव्हे.

या संधिवातात सकाळी गुडघा आखडतो, पण साधारण अर्ध्या तासात मोकळा होतो. आखडलेपणा तासभर टिकला, हातांचे सांधेही सुजले, तर रुमॅटॉइड संधिवाताची तपासणी हवी. सांधा अचानक लाल, गरम झाला आणि ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

उपचारांत पहिला मान व्यायामाचा. पलंगावर पाय लांब करून बसावे, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवावी, पाऊल आपल्याकडे ओढून गुडघ्याने ती गुंडाळी खाली दाबावी, पाच अंक मोजून सोडावे. असे दहा वेळा. पुढे खुर्चीवर बसून पाय सरळ करणे, मग हातांचा आधार न घेता खुर्चीतून उठणे. व्यायामाने थोडे दुखले तरी हरकत नाही. दुसऱ्या दिवशीही ते वाढलेलेच राहिले तर प्रमाण कमी करावे. फरक जाणवायला दोन-तीन महिने लागतात आणि बहुतेक जण नेमके त्याआधीच सोडून देतात. वजनही महत्त्वाचे: स्थूल ज्येष्ठांच्या एका अभ्यासात दिसले की वजन एक किलोने उतरले की दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो.

काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. अनेक जण ती नेमकी उलट धरतात. जिना चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी दुखरा. तीव्र त्रासात मांडी घालणे आणि उकिडवे बसणे टाळावे. पूजा, निवडणे-टिपणे खुर्चीवर बसून करावे. कमोडची सोय करण्यात संकोच नको.

औषधांत डायक्लोफेनॅकचे जेल आधी वापरून पाहावे. त्याच वर्गातल्या गोळ्या रोज घेतल्या तर जठर आणि मूत्रपिंडे यांना इजा होऊ शकते, रक्तदाबही वाढू शकतो. मधुमेह किंवा हृदयविकार असलेल्यांनी त्या मनाने घेऊच नयेत. ‘दुष्परिणाम नाहीत’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले सापडते, तेव्हा सांभाळावे. ग्लुकोसामाइनचा ठोस फायदा सिद्ध झालेला नाही. स्टेरॉइडच्या इंजेक्शनाने काही आठवडे बरे वाटते. पण २०१७ च्या एका चाचणीत दोन वर्षे दर तीन महिन्यांनी ते दिल्यावर कूर्चा जास्त झिजली आणि वेदना मात्र खाऱ्या पाण्याच्या इंजेक्शनापेक्षा काही कमी झाल्या नाहीत. दुर्बिणीतून सांधा धुण्या-घासण्याची शस्त्रक्रियाही २००२ च्या चाचणीत निव्वळ दिखाऊ शस्त्रक्रियेहून सरस ठरली नाही.

एवढे सगळे करूनही रात्रीची झोप उडत असेल, चार पावले चालणे जड जात असेल, तर सांधा बदलणे हा चांगला पर्याय आहे. परदेशातल्या नोंदींनुसार १०० पैकी सुमारे ८२ कृत्रिम गुडघे २५ वर्षे टिकतात. भारतात ऑगस्ट २०१७ पासून त्यांच्या किमतींवर सरकारी मर्यादा आहे. तरी रुग्णालयाचा खर्च वेगळा, तो आधी लेखी विचारून घ्यावा. ऑपरेशननंतर बहुधा दुसऱ्या दिवसापर्यंत उभे करून चालवतात आणि त्यानंतर काही महिने तोच मांडीचा व्यायाम करावा लागतो. ज्यांनी तो आधीपासून केलेला असतो, त्यांना हे दिवस सोपे जातात.