येट्सचा कुखुलिन : शिळेपासून सुईपर्यंत

पुराणकथा कवीला आयती मिळते, असे आपण सहज म्हणतो. पात्रे तयार, प्रसंग तयार. कवीने फक्त शब्द पुरवायचे. आयरिश कवी डब्ल्यू. बी. येट्स (१८६५-१९३९) वाचताना मला हे म्हणणे अपुरे वाटत आले आहे. कुखुलिन या एकाच पुराणवीराकडे ते सत्तेचाळीस वर्षे पुन्हा पुन्हा वळत राहिले. त्याच्यावरची पहिली कविता १८९२ची, शेवटची १९३९ची. शिवाय पाच नाटके. एवढ्या काळात या वीराचे काय झाले, हे पाहण्यासारखे आहे.

मूळ आख्यान 'तॉइन', म्हणजे बैलाच्या अपहरणाची कथा. तिच्या उपलब्ध हस्तलिखितांपैकी सर्वांत जुने सुमारे इ. स. ११००चे. रचना गद्यात, मधूनमधून पद्य. कॉनॉटची राणी मेव्ह अल्स्टरमधल्या एका तपकिरी बैलासाठी सैन्य घेऊन निघते. अल्स्टरचे योद्धे एका शापामुळे प्रसूतिवेदनांनी लोळागोळा झालेले असतात. सीमेवर उभा राहतो तो सतरा वर्षांचा कुखुलिन, एकटा. नदीच्या उतारावर त्याला आपल्या गुरुबंधूला, फेरदियाला, मारावे लागते. दुसऱ्या एका कथेत पोटचा मुलगा त्याच्याच हातून मरतो. आपला अंत जवळ आल्यावर उभ्यानेच मरण यावे म्हणून तो स्वतःला शिळेला बांधून घेतो. पराक्रमाच्या या कथेत शोक पहिल्यापासूनच मुरलेला आहे.

येट्स यांना आयरिश भाषा येत नव्हती. आपल्याच देशाची पुराणे त्यांना राज्यकर्त्यांच्या भाषेतून वाचावी लागली : आधी स्टँडिश ओ'ग्रेडी यांचे ग्रंथ, पुढे १९०२ साली लेडी ग्रेगरी यांनी सांगितलेल्या कुखुलिनकथा. या साऱ्या सामग्रीतून येट्स यांनी १८९२च्या कवितेसाठी आणि १९०४च्या नाटकासाठी निवडला तो पुत्रवध. दोन्हींत मुलाला मारल्यानंतर भ्रमिष्ट झालेला बाप समुद्राच्या लाटांशी लढतो.

इतरांनी मात्र वेगळा कुखुलिन उचलला. पॅट्रिक पिअर्स यांनी १९०८ साली डब्लिनमध्ये शाळा काढली. तिच्या भिंतीवर शस्त्र धारण करणाऱ्या बाल-कुखुलिनचे चित्र होते. १९१६च्या ईस्टर उठावात पिअर्स यांनी डब्लिनच्या मुख्य टपाल कचेरीसमोर प्रजासत्ताकाची घोषणा वाचली आणि ३ मे रोजी त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. त्याच टपाल कचेरीत १९३५ साली उठावाचे स्मारक म्हणून ऑलिव्हर शेपर्ड यांचे शिल्प बसवले गेले : शिळेला बांधलेला मरणोन्मुख कुखुलिन, खांद्यावर पक्षी.

उत्तरायुष्यात येट्स यांनी एका कवितेत स्वतःलाच विचारले की, इंग्रजांनी गोळ्या घातलेली काही माणसे आपल्या नाटकामुळे तर बाहेर पडली नव्हती ना? रोख १९०२च्या 'कॅथलीन नी हूलिहान'कडे होता. तिथे आयर्लंड एका गरीब म्हातारीच्या रूपात येऊन तरुणांकडे बलिदान मागते.

या प्रश्नाला उत्तर मला त्यांच्या शेवटच्या कुखुलिन-कवितेत दिसते. तिच्यावर १३ जानेवारी १९३९ ही तारीख आहे. पंधरा दिवसांनी येट्स वारले. तीन-तीन ओळींच्या कड्यांची दान्तेची रचना तिथे त्यांनी वापरली. प्राणघातक जखमांसह मृतांच्या प्रदेशात आलेल्या कुखुलिनला कफन पांघरलेल्या आकृती भेटतात. त्या त्याला स्वतःचे कफन शिवायला सांगतात. मग कळते की हे सारे भित्रे आहेत. कुणी मारले गेलेले, कुणी घरातून हाकललेले. वीर निमूट सुई चालवू लागतो. भित्रे गाऊ लागतात तेव्हा त्यांचे गळे पक्ष्यांचे झालेले असतात.

ही घटना 'तॉइन'मध्ये कुठेही नाही. येट्स यांनी ती कथेच्या पलीकडे, वीराच्या मरणानंतर घडवली. टपाल कचेरीतला कुखुलिन मरतानाही उभा राहतो, कारण स्मारकाला तो तसाच हवा असतो. कवितेने त्याला शिळेपासून सोडवले आणि ज्यांची स्मारके कुणी उभारत नाही त्यांच्या पंगतीला नेले. पुराणकथेवर कवीचा हक्क कुठवर पोहोचतो, हे मला या एका कवितेने दाखवले.