तळ उठला, कॅम्प राहिला

शब्दाचा खरा अर्थ त्याच्या व्युत्पत्तीत असतो, हा समज किती अपुरा आहे हे उल्हासनगरच्या ‘कॅम्प’ या शब्दावरून कळते. लॅटिनमध्ये ‘काम्पुस’ म्हणजे सपाट मैदान. सैन्याच्या तळाला रोमन लोक ‘कास्त्रा’ म्हणत. मैदानाचा तळ झाला तो पुढच्या भाषांत, आणि फ्रेंचमधून सोळाव्या शतकात ‘कॅम्प’ इंग्रजीत आला. कॉलेजचा ‘कॅम्पस’, निवडणुकीचे ‘कॅम्पेन’, एवढेच काय ‘चॅम्पियन’सुद्धा याच मैदानातले. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराचा तळ पडला तेव्हा हा शब्द अगदी कोशातल्या अर्थाने इथे आला. फाळणीनंतर त्याच बराकींत सिंधमधून आलेली निर्वासित कुटुंबे राहू लागली आणि सैनिकांचा कॅम्प निर्वासितांचा झाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी कोनशिला बसवली, उल्हास नदीवरून शहराला नाव मिळाले. एक ते पाच क्रमांकांचे कॅम्प मात्र पाचच्या पाच राहिले. त्या शब्दातला ‘तात्पुरता’ हा अर्थ कोणा पंडिताने काढला नाही. दुकाने, कारखाने आणि पक्की घरे उभी करणाऱ्यांनी तो पुसून टाकला.

यावर कोणी म्हणेल, हे तर विशेषनाम झाले, त्यात अर्थ कसला शोधायचा? पण जुना अर्थ मेलेला नाही. ‘कॅम्प चारमध्ये डोळ्यांचा कॅम्प लागलाय’ हे वाक्य अंबरनाथ-बदलापूरच्या माणसालाही सहज कळते. पहिल्या कॅम्पमागे आकडा आहे, तिथे माणसे राहतात. दुसरा लागतो, भरतो आणि संध्याकाळी संपतो. कोणता अर्थ घ्यायचा हे शेजारचे शब्द ठरवतात, व्युत्पत्ती नव्हे. मग मराठी शब्द का नाही, हा आक्षेपही रास्त आहे. पण आपल्या शब्दांनी कामे आधीच वाटून घेतली आहेत: रक्तदानाचे शिबिर, चाऱ्याची छावणी, विरोधकांचा गोट. ‘छावणी नंबर चार’ म्हटले तर रिक्षावाला थांबून विचारात पडेल.

पत्त्यावर आता ‘उल्हासनगर-४’ एवढेच लिहितात, कॅम्प हा शब्दही बहुधा गाळतात. त्याचा पिनकोड ४२१००४. पहिल्या कॅम्पचा ४२१००१, पाचव्याचा ४२१००५.