बेसच्या पेटीतील स्पीकर बदलताना

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिलाच. माझा थोरला भाऊ दहावीनंतर शाळा सोडून मिरजेकडच्या एका ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवू लागला. जत्रा आणि लग्नसराईच्या सुपाऱ्यांतून जे हाती येते त्यातूनच माझी फी भरली जाते. गेल्या माघात, एका जत्रेच्या चार दिवस आधी, त्याच्या बेसच्या कॅबिनेटमधला एक स्पीकर गेला. तो बदलण्याचे काम मी मोठ्या तोऱ्यात अंगावर घेतले. ते कसे फसले आणि पुढे कसे जमले हे सांगता सांगता त्यामागचे थोडे शास्त्र सांगावे, एवढाच या लेखाचा हेतू. कलाशाखेच्या विद्यार्थ्याने विज्ञानाच्या शिवारात केलेली ही घुसखोरी गुरुजनांनी पोटात घालावी.

बेसला वेगळी पेटी लागतेच कशाला, असे मला पूर्वी वाटे. बेस गिटारची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ कंपने करते. काळी एकमध्ये लावलेल्या तंबोऱ्याचा खर्ज ६९च्या आसपास असतो. म्हणजे त्याच्याही खालचा हा सूर. स्पीकरमधला जो शंकूसारखा कागद असतो त्याला 'कोन' म्हणतात. सूर एक सप्तक खाली उतरला तर तेवढाच आवाज देण्यासाठी या कोनला चौपट मागेपुढे जावे लागते. साध्या गिटारचा स्पीकर हलक्या कोनचा आणि आखूड चालीचा असतो. त्याला हा भार पेलत नाही. अमेरिकेत लिओ फेंडर यांनी १९५१ साली आपला बेस गिटार बाजारात आणला, आणि १९५२ साली त्याच्यासाठी पंधरा इंची स्पीकरचा स्वतंत्र ॲम्प्लिफायरही काढावा लागला. पुढे १९६९ साली अँपेग कंपनीने ३०० वॅटचा ॲम्प्लिफायर काढला. त्याच्या पेटीत मात्र दहा-दहा इंची आठ स्पीकर होते. खालच्या सुराला स्पीकर मोठाच हवा, असे काही नाही. एकंदर हवा किती हलते याला महत्त्व.

आमच्या मिरजेत सतारमेकरांच्या दुकानांसमोरून जाताना टांगलेले भोपळे दिसतात. तंबोऱ्याचा भोपळा निवडताना कारागीर तो घुमेल कसा हे पाहतो. बेसच्या पेटीचे उलट आहे. तिचे लाकूड थरथरता कामा नये, म्हणून जाड प्लायवूड आणि आत आडव्या पट्ट्या. घुमायची ती आतली हवा. दादाच्या पेटीला पुढून दोन गोल भोके आहेत. ती शोभेची आहेत असे मी कित्येक दिवस समजत होतो!

आता माझी फजिती. पेटीत बारा इंची दोन स्पीकर, प्रत्येकी ८ ओमचे. एकाची कॉईल जळाली होती. दोन्ही एकसारखे हवेत, एवढे कुठेतरी ऐकले होते, म्हणून शिष्यवृत्तीचे पैसे घेऊन मी शहरात गेलो आणि एका दुकानातून मोटारीत बसवायचे दोन बारा इंची स्पीकर आणले. त्यांवर सोनेरी अक्षरांत '५०० वॅट' असे छापलेले होते. जुने १५० वॅटचे होते. भोकांत ते बरोबर बसले आणि मी खूश झालो.

जत्रेत दुसऱ्याच गाण्याला बेस बंद पडला. ॲम्प्लिफायरला हात लावला तर चटका बसला. नशिबाने त्यात उष्णतेने आपोआप बंद होण्याची सोय होती, त्यामुळे तो वाचला. पण उरलेला कार्यक्रम बेसविना झाला आणि दादाचे अर्धे पैसे कापले गेले. परत येताना टेंपोत तो फार बोलला नाही. एवढेच म्हणाला, "त्याच्यावर काय लिहिलंय ते वाचायचंस तरी. आपल्यात शिकलेला तू आहेस."

लिहिलेले होतेच. मागे लोहचुंबकावर, बारीक अक्षरांत : ४ ओम.

ओम म्हणजे विजेच्या प्रवाहाला होणारा अडथळा. ८ ओमचे दोन स्पीकर समांतर जोडले की ॲम्प्लिफायरला ४ ओम दिसतात. दादाचा ॲम्प्लिफायर किमान ४ ओमचा. मी ४ ओमचे दोन समांतर जोडल्याने ते २ झाले. अडथळा निम्मा झाला की प्रवाह दुपटीकडे जाऊ लागतो, आणि सगळा ताप ॲम्प्लिफायरच्या डोक्यावर. घरी येऊन मी तेच दोन स्पीकर एकामागे एक, म्हणजे मालिकेत जोडले. ८ ओम झाले, ॲम्प्लिफायर थंड राहिला, पण आवाज असा की शेजारच्या खोलीतला माणूस रजईत तोंड घालून बोलतो आहे.

याचे एक कारण मालिकेतल्या जोडणीने वीजच कमी ओढली जाते हे. दुसरे मला फार उशिरा कळले. वॅटचा आकडा स्पीकर किती मोठ्याने वाजेल हे सांगतच नाही. कॉईल किती उष्णता सोसेल, हे तो सांगतो. ॲम्प्लिफायरकडून आलेल्या विजेपैकी बहुतेक भागाची उष्णताच होते, आवाज होतो तो थोड्या टक्क्यांचा. मोठेपणा पाहायचा तर एक वॅट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल, हा आकडा पाहावा. तीन डेसिबलचा फरक म्हणजे दुप्पट वॅटचा फरक. ९७ डेसिबलचा १५० वॅटचा स्पीकर जे करील, ते करायला ९१ डेसिबलच्या स्पीकरला ६०० वॅट लागतील. बाजारात सोनेरी अक्षरे नेमकी कुठल्या आकड्याला लावतात, हे यावरून समजावे.

राहिली पेटी. ए. नेव्हिल थिएल यांनी १९६१ साली ऑस्ट्रेलियात आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७०च्या दशकाच्या आरंभी असे दाखवून दिले की, स्पीकरचे काही थोडे आकडे मोजले तर तो कोणत्या पेटीत कसा वाजेल हे आधीच गणिताने सांगता येते. चांगल्या कंपनीच्या स्पीकरबरोबर हे आकडे छापलेले मिळतात. त्यांतला एक लिटरमध्ये असतो, म्हणून मी पेटी आतून मोजली : उंची ७५, रुंदी ४२, खोली ३६ सेंटिमीटर, म्हणजे ११३ लिटर. पट्ट्या आणि स्पीकरची जागा वजा जाता एकेकाच्या वाट्याला पन्नासेक लिटर. भोकाच्या पेटीत एका ठरावीक सुराला भोकातली हवाच बहुतेक काम करते आणि कोन जवळजवळ स्थिर राहतो. त्या सुराच्या खाली मात्र कोनला हवेचा आधार उरत नाही, आणि तो मोकाट धावून फाटतो किंवा त्याची कॉईल मागे ठोकते. तेव्हा वॅट कितीही असोत, पेटीशी न जुळणारा स्पीकर लवकर मरतो.

या खेपेस आकडे जुळवून ८ ओमचे दोन स्पीकर घेतले. पैसे दादाने उसने आणले. ते अजून फिटताहेत. बसवण्याआधी मल्टिमीटर लावला. ८ ओमचा स्पीकर त्यावर सहाच्या आसपास दाखवतो, त्याला घाबरू नये. मग दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवला. सेलचे धन टोक स्पीकरच्या धन टोकाला लावल्यावर कोन बाहेर यावा. दोन्ही स्पीकर एकाच दिशेने हलले पाहिजेत. एकाच्या तारा उलट झाल्या तर एक हवा ढकलतो, दुसरा ओढतो, आणि बेस जागच्या जागी विरतो. स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे आवळावेत, नाहीतर चौकट वाकते. स्क्रू ड्रायव्हर सांभाळावा, लोहचुंबक तो असा खेचतो की एका निसटण्यात नवा कोन फाटायचा. एका हाताचा तळवा मी कोनावर आडवा धरून ठेवला होता.

संध्याकाळी दादाने जाड तार छेडली. आईने आतून विचारले, "काय पडलं रे?" फळीवरची ताटे वाजली होती.

दादा पुन्हा पुन्हा तोच सूर वाजवत राहिला आणि मग म्हणाला की डाव्या बाजूने काहीतरी फुरफुरतेय. कान लावून पाहिले तर हँडलपाशी हवा गळते आहे. येत्या रविवारी ते उघडून खाली फेल्टची पट्टी घालायची आहे.